आठ नंबरची छटा

बोल्टनच्या रंगखात्यात एकतीस वर्षं
मी एवढंच केलं:
गिऱ्हाइकाची चिंधी उत्तरेच्या खिडकीशी धरायची
आणि सांगायचं, पिवळा अर्धा टक्का जास्त झालाय.
मिल बंद पडली. डोळे शिल्लक राहिले.

थ्रेलफॉलनं पहिली सहा अंडी दिली
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मारान्स. जात फ्रान्सची,
चिखल मात्र अस्सल लँकशायरचा, म्हणाला.
सोबत रंगपट्टी, एक ते नऊ.
एक म्हणजे दुधात चुकून पडलेला चहा,
नऊ म्हणजे करपायच्या अगदी अलीकडचा गूळ.
"चारच्या खाली मारान्स नसते, ऑम्लेट असतं."

आता दगडी भिंतीपलीकडे कुणाच्या तरी मेंढ्या
आणि अलीकडे माझी पाच खुराडी, एक वही.

चौदा नंबर: तुरा सरळ, दाते पाच,
मान चिंचेनं घासलेल्या घंगाळासारखी,
छाती काळी, उन्हात भुंग्याची हिरवी झाक,
बाहेरच्या बोटापर्यंत पिसं.
तिच्यापुढे एकही फुली नाही.
अंडं: तीन.

सत्तावीस नंबर: तुऱ्याला बाजूनं फुटलेला फाटा,
मानेवरचं तांबं शेवाळलेलं,
चालते अशी की जणू बस चुकतेय.
अंडं: आठ.
हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तर साडेआठ.
पुढे विटत जातं; टाकीत रंग तेवढाच,
कापड मात्र येतच राहतं, तसं.

आणि कोंबडा? त्याचा रंग कुठल्या खिडकीशी धरायचा?
तो आईचं अंडं पोटात बाळगतो,
जन्मभर, न घालता.
लेकी घालायला लागल्या
की मग कळतं बापात काय होतं.

रात्री बॅटरी लावून बघायचं, जीव धरलाय का.
फिकट अंड्यात दिसतो लाल शिरांचा कोळी.
आठ नंबरात काहीच दिसत नाही.
रंग जितका पक्का, तितका आतला अंधार.
एकवीस दिवस नुसतं थांबायचं.

नोव्हेंबरात चिपिंगच्या हॉलमध्ये
सत्तावीसचा पोरगा नेला.
पाय बेसिनमध्ये धुतले, तुऱ्याला व्हॅसलिन.
विन्स्टॅन्लीबाईंनी छडीनं गज वाजवला,
मग बोटानं छातीची पिसं उलटी केली.
तांबं. दोनच पिसं.
कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात;
इथे ते कोंबड्यातच फुटलं होतं, नको तिथे.
कार्ड नाही.

कुमुदनं खोबरं भाजायला घेतलं.
नापासांचा रस्सा हा घरचा नियम,
आणि त्या रंगाला पट्टी तिची, माझी नाही.
मी म्हटलं, उद्या.
मग म्हटलं, पाऊस आहे.
मग, पाहुणे येऊ देत, तेव्हा.
मार्चपर्यंत इतकी कारणं झाली
की तो चौदा नंबरच्या खुराड्यात राहायला गेला.

आज सकाळी त्याच्या तलंगीनं
पहिलं अंडं घातलं.
ऑक्टोबर, धुकं, पेंढा दमट,
अंडं अजून ओलं.
ओल्या रंगाला हात लावायचा नाही,
हे मी एकतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं.
लावला.
अंगठा उमटला, रेघांसकट,
आणि रेघांखाली फिकं,
कुठल्याही कोंबडीचं असतं तसं.

तरी खिडकीपाशी नेलं. उत्तरेच्याच.
सहा. नाही, सात.
चष्मा पुसला. ठसा सोडून उरलेलं बघितलं.
सातच्या जरा पुढे.

कुमुद ॲप्रनला हात पुसत आली.
"हे मशीनमध्ये, की तव्यावर?"